झालं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी थोरलीचं डावं दार मिटेनासं झालं.

मधल्या भावानं ते आधी हातानं ढकललं, मग खांद्यानं. दार मागच्या खांबाला घासून थांबलं, आणि पत्र्याचा असा आवाज आला की गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला कापडाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या ताईनं कात्री खाली ठेवली. तिसऱ्यांदा त्यानं ढकललं नाही. वरच्या खिशातून फट मोजायच्या पट्ट्यांचा जुडगा काढला. दाराच्या कडेला वरच्या बाजूला सर्वांत पातळ पट्टीसुद्धा शिरेना. खाली मात्र त्याचं बोट गेलं. अंगठाही गेला असता.

"बसली," तो म्हणाला. "कमरेत बसली."

ताई जवळ आली नाही. काय झालं असेल ते तिला लांबूनच कळलं, आणि वाईट बातमीच्या जवळ जाऊन ती बरी होत नाही हे तिला आता सत्तावन्नाव्या वर्षी पाठ होतं.

थोरली म्हणजे गाडी. अठरा फूट लांब, उघड्या टपाची, अमेरिकेत बनलेली. शेपटीला माशासारखे पर आणि पुढे क्रोमचं दात विचकलेलं तोंड. आबांनी ती दुसऱ्याच्या हातची घेतली तेव्हा त्यांचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. पहिली मुलगी त्यानंतर वर्षभरानं झाली. पण 'थोरली' हे नाव तोवर गेलेलं होतं, म्हणून मुलीला नुसतं ताई म्हणू लागले. तेव्हापासून ताई घरात दुसरी. तिला त्याचं विशेष वाटत नसे. थोरलीच्या गाद्या मात्र आजवर तीनदा शिवल्या होत्या त्या तिनंच, आणि आता चौथ्यांदा गाद्या आणि नवा कापडी टप तिच्याच टेबलावर होता.

टपाच्या गाडीचं एक असतं. डोक्यावर पक्कं छप्पर नाही, म्हणून सगळा भार कमरेवर. ती कंबर म्हणजे दोन्ही दारांखालचे उंबरे. थोरलीचे उंबरे गंजून चाळणी झाले होते. ते कापून नवे बसवायचे तर आधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी नळी आडवी जोडून घ्यायची, या खांबापासून त्या खांबापर्यंत. तिला घरात आडपट्टी म्हणत. उंबरा पक्का जोडून होईपर्यंत आडपट्टीला हात लावायचा नाही, हे या घरातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवलेलं.

डावी आडपट्टी जागेवर नव्हती. आणि गाडीचा सांगाडा चाकं-चौकटीपासून सुटा करून, साखळीनं उचलून, पुढे-मागे चार लोखंडी घोड्यांवर ठेवलेला होता. मधे आधार काही नाही. काल संध्याकाळी ताई घरी गेली तेव्हा तो खालीच होता.

सात पंचवीसला धाकटा आला. डबा खिळ्याला अडकवला, हात चोळले, आणि मधल्याचा चेहरा पाहून थांबला.

"ताई," मधला म्हणाला, "त्याला विचार, आडपट्टी कुठे गेली."

चार महिने हे असं चाललं होतं. मधल्याला थोरलीचं आठ सिलिंडरचं मूळ इंजिन पुन्हा बांधायचं होतं, नटबोल्टसुद्धा तेच. धाकट्याला नवं इंजिन, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक आणि टप उघडायला विजेची मोटार हवी होती. शेवटी ताईनंच निवाडा दिला: इंजिन जुनं, ब्रेक नवे, मोटार नवी, गिअर जुने. दोघं सारखेच नाराज झाले, म्हणजे निवाडा बरोबर होता. पण त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद आणि खडू चालू. एकमेकांना सांगायचं ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं, किंवा थेट भागावर. आबांच्या काळापासूनचा नियमच होता: काम संपलं की त्यावर खडूनं 'झालं' लिहायचं. त्यामुळे न बोलताही गॅरेज चालत होतं. एकदा तर ताई म्हणालीही होती, की आधीपेक्षा बरं चाललंय.

"ताई, त्याला सांग, कापली," धाकटा म्हणाला. "काल सहा वाजता. कापली आणि बॉडी उचलली. ब्रेकच्या कामाला मला खालची चौकट मोकळी हवी, हे फळ्यावर आठ दिवस लिहिलंय."

"विचार त्याला, कुणाला विचारून कापली."

"तिच्यावर 'झालं' लिहिलं होतं! अजून काय विचारायचं?"

"मी नाही लिहिलं."

"मग भुतानं लिहिलं?"

"उंबरा कच्च्या टाक्यांवर होता. चार इंचाला एक टाका. त्यावर 'झालं' लिहायला मला काय वेड लागलंय?"

कच्चे टाके हा शब्द या घरात दोन्ही धंद्यांना चाले. ताई कापड आधी कच्चं टाचून घेई, मधला पत्रा. कच्च्या टाक्यांवर सदरा घालून कुणी बाहेर पडत नाही.

"आणि वर प्रायमर मारून ठेवला होता तो?" धाकट्याचा आवाज चढला. "कच्च्या कामावर प्रायमर कोण मारतं? वरून बघणाऱ्याला पक्कंच वाटणार."

"गंज धरू नये म्हणून मारला. वाटणार काय! ठोकून बघायचं. हात मोडले होते?"

"ताई, ऐकतेयस ना? स्वतः लिहायचं आणि स्वतःच कानावर हात ठेवायचे. त्याला मी इथे नकोच आहे. नऊ वर्षं बाहेर राहून आलो हे त्याला अजून पचलेलं नाही."

"पचायला आधी घास तरी गिळायला हवा," मधला फळ्याकडे बघत म्हणाला.

धाकट्यानं भिंतीवरचे पाने उतरवायला सुरुवात केली. एक एक पाना पुसत होता आणि आपल्या लाल पेटीत ठेवत होता. आदळआपट केली असती तर ताईला बरं वाटलं असतं. आदळणारा माणूस परत येतो. पुसून ठेवणारा निघालेला असतो.

"दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय," तो म्हणाला. "आणि मी बोलत नाहीये हे मला माहीत आहे. दुपारपर्यंत निघतो."

ताई मागच्या दाराशी भंगाराच्या ढिगाकडे गेली. कापलेली आडपट्टी वरच पडली होती. हात लांब करून तिनं ती उजेडात धरली. चार अक्षरांच्या जागेत मोठी दोनच अक्षरं. झालं. अनुस्वाराच्या जागी वाटाण्याएवढं वर्तुळ. तेलकट पत्र्यावर टिंब टिकत नाही म्हणून आबा तसं काढत, आणि त्यांनी शिकवलेली तिन्ही मुलंही तसंच काढत. अक्षरावरून कुणाचं ते कोर्टालाही ठरवता आलं नसतं.

पण रंग निळा होता.

मधल्याकडे पांढरा खडू, धाकट्याकडे पिवळा. निळा खडू, चपटा, कडेला धार असलेला, फक्त कापडावर आखायला वापरतात. तो तिच्या टेबलावर असतो. काल दुपारपासून तिला तो सापडत नव्हता.

तिच्या टेबलाशेजारी आबांची खुर्ची होती.

बरोबर आठ वाजता आबा आले. धाकट्याच्या बायकोनं त्यांना हाताला धरून आत आणलं. ती दवाखान्यात नर्स. घरात तिला मागे आणि कधीकधी पुढेही नर्सबाई म्हणत, आणि ती त्याचं वाईट वाटून घेत नसे, कारण बाकीच्यांना जे बोलायचं धाडस नव्हतं ते तीच बोले. तीन आठवड्यांपूर्वी आबांनी गॅस-कटिंगच्या टाकीचा कॉक उघडाच ठेवला होता. जेवणाची सुट्टी झाली तरी वायू सुटतच होता. त्या दिवशी तिनं सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं: आणखी एकदा असं काही झालं, तर आबा गॅरेजात पाऊल ठेवणार नाहीत. घरी खिडकीशी बसतील. दोन्ही भावांनी मान हलवली होती. चार महिन्यांत त्यांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

"काय झालं?" तिनं आत येताच विचारलं. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांकडे तिचं लक्ष गेलं होतं.

"काही नाही," ताई म्हणाली. "दार अडकतंय."

"आणि हे का पेटी भरतायत?"

"विचार तूच."

नर्सबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. पाळी सुरू व्हायला वीस मिनिटं होती. "संध्याकाळी ऐकते," ती म्हणाली आणि गेली.

ताईनं आबांना खुर्चीत बसवलं. त्यांचा उजवा हात हातात घेतला, अंगठा वळवून बघितला. नखाखाली निळं होतं.

"आबा, काल आडपट्टीवर तुम्ही लिहिलंत?"

"कुठल्या?"

"डाव्या."

"लिहिलं की." ते सरळ म्हणाले. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. "उंबरा पक्का झाला. मी स्वतः जोडला, टोकापासून टोकापर्यंत. मग पट्टी कशाला ठेवायची अडचण? आणि तू असं काय विचारतेस? दिवा तूच धरला होतास."

तिनं दिवा धरला होता. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला होता, आणि आबा ओरडले होते, की सावली पडतेय. ते खरंच होतं. फक्त त्याला एकतीस वर्षं झाली होती.

"हो," ती म्हणाली. "धरला होता."

"मग?"

"मग काही नाही."

तिला दमल्यासारखं झालं होतं, आणि दिवसाचा अजून पहिला तासच संपला होता. सांगितलं तर भावांपैकी कुणीच खोटारडा नव्हता. पेटी पुन्हा रिकामी झाली असती, पाने खिळ्यांवर आले असते. आणि उद्यापासून ही खुर्ची रिकामी. घरच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. आबा तिथे किती दिवस बसतील याचा हिशेब तिला करायचा नव्हता. न सांगितलं तर दुपारी धाकटा जाणार. गेल्या वेळी गेला तो नऊ वर्षांनी आला होता, आणि मधल्या काळात आई गेली होती.

साडेआठला ती नळी हातात घेऊन उठली.

"हे मी लिहिलं," ती म्हणाली.

दोघांनी वर बघितलं.

"खडू बघा. निळा आहे. टपाच्या चौकटीची मापं घेत होते. डावी बाजू मोजून झाली, म्हणून लिहिलं 'झालं'. माझं माप झालं, एवढंच."

मग मधल्यानं पट्ट्यांचा जुडगा बोनेटवर आपटला.

"कापडवाल्यानं पत्र्यावर लिहायचं नाही, हे तुला सांगायला पाहिजे? तुला?"

"चुकलं."

"चुकलं म्हणे! अगं, ताई, ही काय उशी आहे? उसवली आणि पुन्हा शिवली?" धाकटा पेटी सोडून पुढे आला. "मघापासून आम्ही एकमेकांच्या उरावर बसलोय आणि तू तिकडे उभी राहून ऐकतेस? तोंडाला टाके घातले होते?"

"मघाशी लक्षात आलं नाही."

"लक्षात आलं नाही! आम्हाला निवाडे देताना बरं येतं लक्षात," मधला म्हणाला, आणि धाकट्याकडे वळला. "हिचं हे नेहमीचं आहे. आठवतं, ती पेट्रोलची टाकी?"

"सोफा ठेवला होता तिच्यावर. रेक्झिन वाळवायला."

"आणि वर म्हणाली, जागा रिकामी दिसली."

धाकट्याला हसू आलं, ते त्यानं गिळलं. मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं, की आपण एकमेकांशी बोललो. मधला घाईघाईनं गाडीखाली वाकला.

"मधे जॅक लावावा लागेल," तो खालून म्हणाला. कुणाला उद्देशून ते सांगितलं नाही.

"नुसत्या जॅकनं पत्रा सुरकुतेल," धाकटा म्हणाला. "वरून चौकटीत ताणस्क्रू लावू, दोन्ही खांब लांब सारायला. खालून उचल, वरून ताण. दोन्ही एकदम."

"ताणस्क्रू आहे कुठे?"

धाकटा लाल पेटीकडे गेला. ताणस्क्रू सगळ्यांत तळाशी होता. तो काढायला अर्धे पाने बाहेर काढावे लागले. ते त्यानं बाकावर ठेवले. खिळ्यांवर नाही, बाकावर.

ताईला शिक्षा म्हणून फळा मिळाला. दर अर्ध्या तासानं वरची फट मोजायची आणि ती लिहायची, पांढऱ्या खडूनं. दार नीट मिटायला वर-खाली सारखी पाच मिलिमीटर लागते. साडेनऊला तिनं पहिला आकडा लिहिला: शून्य. दहाला शून्य. साडेदहालाही शून्य, तेव्हा मधल्यानं जॅकचा दांडा जोरात ओढला आणि खांबाच्या मुळाशी कुठेतरी टक् झालं.

"हळू!" खुर्चीतून आवाज आला.

आबा उठून उभे राहिले होते.

"लोखंड आहे ते, म्हैस नाही, दावं ओढलं की यायला. पाव फेरा द्यायचा आणि चहा प्यायचा. पुन्हा पाव फेरा. आणि तू," हे धाकट्याला, "दाराचे बिजागर सैल कर आधी. दाराचं वजन कशाला लटकवून ठेवलंयस त्या खांबावर?"

धाकट्यानं मधल्याकडे पाहिलं. बिजागराचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"बरोबर आहे," मधला म्हणाला.

"बरोबर आहेच," आबा म्हणाले आणि बसले. थोड्या वेळानं त्यांनी ताईला हळूच विचारलं, "बसली कशी पण ही? कुणी पट्टी काढली का?"

"माझ्यामुळे झालं, आबा."

"तुझ्यामुळे?" त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तू तर दिवा धरला होतास."

दीडला एक मिलिमीटर. तीनला दीड. त्यातला तासभर फट हललीच नाही, आणि उजव्या दाराची बिघडते की काय म्हणून सगळं थांबवून तिकडे मोजावं लागलं. बिघडली नव्हती. चारला दोन. भाऊ आता कामापुरतं बोलत होते: धर, सोड, अजून, बास. ताईला एवढं पुरेसं वाटत होतं. तिनं टपाच्या कापडाला हात लावला नाही. चौकटीचं खरं माप काय राहणार हेच ठरलेलं नव्हतं. तीन मिलिमीटर चुकले तरी टपाचा हूक पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीत बसणार नाही, आणि मग आखलेलं सगळं कापड फुकट.

मधला एकदा पाणी प्यायला तिच्या टेबलाशी आला. आडपट्टीचा तुकडा तिथेच होता. पेला हातात धरून तो त्या अक्षरांकडे बघत राहिला.

"काल दुपारी तू नव्हतीस ना गं?" तो म्हणाला. "दोरा आणायला गेली होतीस."

"त्याच्या आधी लिहिलं."

"हं," तो म्हणाला. पेला उपडा ठेवला आणि गेला.

साडेपाचला नर्सबाई आली. धाकट्यानं तिला गाडीखालूनच काय झालं ते सांगितलं: ताईनं मापं घेताना चुकून लिहिलं, मी कापलं, आता चढतेय हळूहळू. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग खुंटीवरचा आबांचा कोट काढला, आणि धुवायला टाकायचा म्हणून सवयीनं खिसे तपासले. डाव्या खिशातून चष्म्याचं फडकं निघालं. उजव्यातून निळ्या खडूची अर्धी वडी.

तिनं ती ताईच्या टेबलावर ठेवली.

"तुमची ना?"

"माझीच."

"आबांच्या खिशात होती."

"मीच दिली असेल धरायला."

नर्सबाईनं नळीवरची अक्षरं वाचली. घाई केली नाही. "ताई, तुम्ही मापं वहीत लिहिता," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी कितीदा बघितलंय. एक आकडा कधी बाहेर लिहीत नाही तुम्ही."

"काल वही सापडत नव्हती."

वही दोघींच्या मधे टेबलावर पडली होती. वर कात्री होती. नर्सबाईनं वहीकडे बघितलं आणि मग ताईकडे. दिवसभर पेशंट बघून तिचेही डोळे लाल झाले होते.

"गॅसचं विसरलात?" ती म्हणाली. "त्या दिवशी कुणी काडी ओढली असती तर?"

"नाही विसरले."

"मग?"

"आज बिजागराचं त्यांनीच सांगितलं. या दोघांच्या डोक्यात नव्हतं."

"ते मी विचारत नाहीये."

"माहीत आहे."

नर्सबाई आबांकडे गेली. त्यांना उठवलं, कोट त्यांच्याच अंगावर चढवला, आणि खालपासून एकेक बटण लावत वर आली. "उद्या बोलू," ती मान न वळवता म्हणाली.

"कुणाशी? माझ्याशी की त्यांच्याशी?"

ती वरचं बटण लावत होती. आबांना घेऊन ती दाराशी पोचली तेव्हा गाडीपलीकडून मधल्यानं हाक मारली.

"ताई, लिही. तीन."

तिनं फळ्यावर लिहिलं: ५.५० — ३. धाकट्यानं जॅकची खूण करून ठेवली, म्हणजे सकाळी हलला का ते कळेल. हात धुतले. बाकावरच्या पान्यांकडे पाहिलं आणि ते तसेच राहू दिले. पेटीत घातले नाहीत, भिंतीवर लावले नाहीत. मधल्यानं शटर ओढलं.

दार मिटायला पाच लागतात.